नाही म्हणण्याची सोय

मनुष्याच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांत 'हो' ह्या शब्दाइतका फसवा शब्द क्वचितच दुसरा असेल. आपल्याच घरांतील जुनी गोष्ट पाहा. मुलगी मान खाली घालून उभी राहिली की वडीलमाणसे तो तिचा होकार समजून पुढील बोलणीस लागत. आणि ती समजूत किती वेळा खरी होती हे मागाहून विचारण्याची चाल आपल्यात नव्हती. होकार मिळाला, काम झाले. तो कसा मिळाला, त्याच्या जागी नकार येऊ शकला असता काय, हा प्रश्न कोणास सुचतच नसे. हाच प्रश्न अगदी निराळ्या ठिकाणी, एका जाडजूड कागदी पुडक्याच्या रूपाने माझ्यापुढे आला, त्याची ही हकीकत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी करकंबला मावशीकडे चार दिवस राहून आलो. पंढरपूर तालुक्यातील हे मोठे, बाजाराचे गाव. येथील 'बाजार आमटी' नावाजलेली आहे, आणि ती पोटभर ओरपल्याशिवाय मावशी कोणा पाहुण्यास जाऊ देत नाही. दुपारी जेवणे झाल्यावर तिने चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद शोधण्यासाठी कपाटातील पिशवी माझ्यापुढे ओतली. तीत विजेची बिले, पंचांगे आणि लग्नपत्रिका ह्यांच्या गर्दीत चौदा पानांचे एक संमतिपत्र होते. मधुमेहावरील एका नव्या औषधाची चाचणी. प्रत्येक पानाच्या तळाशी मावशीची सही. शाळेत सहावीपर्यंत शिकलेल्या बाईची ती गोल, सावध सही चौदा वेळा पाहून मला प्रथम हसू आले आणि नंतर ते मावळले.

येथे माझ्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवितो आणि काही वर्षे एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवरही बसतो. 2019 सालच्या औषधचाचण्यांच्या नियमांप्रमाणे अशा समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा एक, निदान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. त्या 'सामान्य' गृहस्थाची खुर्ची माझ्याकडे आहे. संमतिपत्रे वाचणे हे आमचे मुख्य काम. एखादा शब्द बोजड वाटला तर तो बदलावा अशी सूचना आम्ही करतो, आणि समाधानाने चहा घेऊन घरी जातो. ते पत्र कोणा मावशीच्या हाती पडल्यावर काय होते, हे पाहण्याचा योग मला तोवर आला नव्हता.

मनुष्यावर प्रयोग करावेत की करू नयेत, हा वाद मी येथे उकरीत नाही. नवे औषध गुणकारी आहे की नाही हे अखेर मनुष्याच्याच देहावर कळावयाचे; आणि ते न पाहताच सर्वांना देणे हाही एक प्रयोगच होय, फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाही इतकेच. तेव्हा कोणीतरी पहिला झालाच पाहिजे. कोणी व्हावे, हा खरा प्रश्न.

ह्या प्रश्नाचे दोन पाठ आपल्या मुंबईनेच एकाच महिन्यात पाहिले आहेत. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस तयार करण्यास बसला. तीन महिन्यांच्या आत लस सिद्ध झाली आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, त्या त्याने सोसल्या. हा पहिला पाठ. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना ती लस टोचण्यात आली आणि इतरांना टोचली नाही. टोचलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले, आणि लशीवर लोकांचा विश्वास बसण्यास त्या आकड्यांचे फार साहाय्य झाले. हा दुसरा पाठ. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे सांगतात. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे, त्याची 'स्वेच्छा' ही काय वस्तू असते? हाफकिनला नाही म्हणता आले असते. कोणी त्यास विचारलेच नव्हते. कैद्याला विचारले होते, पण त्याला नाही म्हणता आले असते काय, हे आज कोणास सांगता येणार नाही.

हान्स योनास ह्या तत्त्वज्ञाने 1969 सालच्या एका निबंधात ह्या बाबतीत एक उतरती श्रेणी सुचविली आहे. प्रयोगाचा हेतू ज्यास सर्वांत अधिक कळतो आणि तो ज्यास आपलाच वाटतो, त्यास प्रथम बोलवावे, म्हणजे संशोधकाने आधी स्वतः पुढे व्हावे. आणि जो दरिद्री, अज्ञ किंवा बंदिवान आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे. वाचकांस हे रुचेल. व्यवहार मात्र नेमका उलटा चालतो. शहरातील खासगी दवाखान्यात सुशिक्षित रोग्यास चाचणीविषयी विचारले तर तो घरी जाऊन चौकशी करतो, मुलाला फोन लावतो आणि 'विचार करून सांगतो' म्हणतो. असा मनुष्य संशोधकाला अडचणीचा होतो. मोफत औषधाच्या आशेने बाकावर बसलेली मावशी सोयीची असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे जर्मन डॉक्टरांवर खटला चालला. 1947 सालच्या त्याच्या निकालात दहा तत्त्वे सांगितली गेली, आणि त्यांतील पहिले तत्त्व संमतीचे होते: प्रयोगास बसणाऱ्याची संमती ही त्याने मोकळ्या मनाने, दडपणावाचून आणि समजून-उमजून दिलेली असली पाहिजे. 1964 साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने तेच तत्त्व डॉक्टरांच्या जागतिक संघटनेकडून वदविले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वेळोवेळी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अलीकडे कायदाही कडक झाला. हे सर्व उत्तमच झाले. तथापि त्या तत्त्वातील 'दडपणावाचून' हा शब्द मला नेहमी अडखळवितो. सोट्याचे दडपण ओळखता येते. कृतज्ञतेचे, आदराचे किंवा भिडेचे दडपण कोणत्या समितीने ओळखावे?

ह्या भिडेचा अभ्यास एका मानसशास्त्रज्ञाने केला, आणि गंमत अशी की तोही एक प्रयोगच होता. 1961 साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम ह्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सामान्य माणसे बोलाविली. शेजारच्या खोलीतील मनुष्य चुकला की बटण दाबून त्यास विजेचा धक्का द्यावयाचा आणि धक्का वाढवीत न्यावयाचा, असे त्यांना सांगण्यात आले. धक्के खोटे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्या मांडणीचा उल्लेख नेहमी होतो तीत चाळीसपैकी सव्वीस जणांनी शेवटचे बटणसुद्धा दाबले. त्यांना कोणी कोंडले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. अंगरख्यातील एक गृहस्थ शांतपणे 'पुढे चला' म्हणत होता, एवढेच. ह्यावरून मनुष्यस्वभावातील क्रौर्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातून एक लहान, घरगुती गोष्ट कळते: ज्ञानाच्या नावाने आणि नम्र आवाजाने कोणी काही सांगू लागला म्हणजे भल्या माणसांच्या तोंडून 'नाही' हा शब्द बाहेर पडत नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत असलो तरी माझा स्वतःचा एक अपराध येथे कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याला त्याच्या प्रबंधासाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाविषयी प्रश्नावली भरून हवी होती. मी ती माझ्या वर्गात वाटली. 'ही ऐच्छिक आहे, ज्यांना भरावयाची नाही त्यांनी भरू नये,' असे मी स्पष्ट म्हणालो आणि टेबलाशी बसून राहिलो. अंतर्गत गुण द्यावयाचे ते दिवस होते. बासष्ट विद्यार्थी, बासष्ट कागद परत. मला त्याचा अभिमानच वाटला. त्यांतील एका कागदावर पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत 'सांगता येत नाही' ह्याच रकान्यात खुणा केलेल्या होत्या. 'रात्री झोप लागते का?' सांगता येत नाही. 'घरी कोणाची भीती वाटते का?' सांगता येत नाही. सहकाऱ्याने तो कागद 'निकामी' म्हणून बाजूला काढला आणि मीही मान डोलावली. तो निकामी नव्हता, तो नकार होता, हे मला फार उशिरा कळले. कागद कोरा परत देण्याची सोय मी माझ्या उपस्थितीने काढून घेतली होती. म्हणून त्या मुलाने किंवा मुलीने, कोण ते मला ठाऊक नाही, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात तो लिहून दिला. त्या वर्गात मीच अंगरख्यातला गृहस्थ होतो.

तेव्हा होकाराची किंमत ठरवावयाची तर ती जवळच्या नकाराकडे पाहून ठरवावी, असे मला वाटू लागले. 'नाही' म्हटल्याने ज्याचे काहीच बिघडणार नाही, त्याचा 'हो' खरा. समितीतही मी आता तेच विचारतो: नाही म्हणणाऱ्या रोग्याला दुसऱ्या दिवशी ह्याच डॉक्टरांच्या दारात त्याच तोंडाने उभे राहता येईल ना? विचारणारा आणि उपचार करणारा एकच असू नये, ही सूचना त्यातूनच निघते. ती नेहमी मान्य होते असे नाही.

परंतु ही कसोटी सर्वत्र पुरत नाही, हे मला आमच्याच मुलखातील एका मोठ्या प्रयोगाने दाखविले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि तेथे 1987 साली ग्रामीण भागातील कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली; खेड्यांपुरती अशी नोंद ठेवण्याचा तो देशातील पहिला उपक्रम. रोगाची लक्षणे गावोगाव समजावून सांगितल्याबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, हे तेथील नोंदींवरून दिसून आले. ज्यांनी हे केले त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. पुढे 1999 साली मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक चाचणी आरंभिली. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया. गावांचे बावन्न समूह पाडून त्यांचे चार भाग चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे केले. एका भागातील स्त्रियांची विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या भागातील 31,488 स्त्रियांना एरवी मिळते तेवढेच. आणि एरवी अशी तपासणी आपल्या खेड्यांत कोणास मिळतच नसे.

2009 साली निकाल जाहीर झाला. एकदाच विषाणूची तपासणी करावयाच्या भागातील 34,126 स्त्रियांत ह्या रोगाने 34 मृत्यू झाले. काहीच तपासणी न झालेल्या चौथ्या भागात 64. गटांच्या आकारातील फरक धरूनही मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने इतके साधते, हे जगाला धाराशिवच्या खेड्यांनी दाखविले. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तपासणीस अग्रक्रम देण्याची शिफारस केली. त्यामागील पुराव्यात ह्या आमच्या शेजारणींचा वाटा आहे.

आता त्या चौसष्ट जणींचे काय? अमेरिकेतील एरिक सूबा ह्या डॉक्टरांनी 2014 साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये ह्या व मुंबई आणि दिंडिगल येथील तशाच चाचण्यांवर कडक टीका केली. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके माहीत असता हजारो स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून त्यांचे मृत्यू मोजावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. संशोधकांचे म्हणणे असे की पाश्चात्त्यांच्या पद्धतीला लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि माणसे आमच्या खेड्यांत नाहीत. येथे काय चालेल हे येथेच पाहावे लागते. आणि चौथ्या भागातील स्त्रियांकडून आम्ही काही हिरावून घेतले नाही, चाचणी नसती तरी त्यांना हेच मिळाले असते.

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. संशोधकांस निर्दय म्हणणे मला जमत नाही. त्यांच्यापूर्वी त्या खेड्यांत ह्या रोगाची दखल घेण्यास तरी कोण गेले होते? पण 'त्यांना एरवीही हेच मिळाले असते' हे उत्तर माझ्या घशाखाली उतरत नाही. एरवी मिळणारे ते 'काहीच नाही' हे पर्जन्यासारखे आकाशातून पडलेले नव्हते. ते आपण सर्वांनी, सरकारने आणि समाजाने, त्यांच्यापर्यंत काही न पोचविल्यामुळे झाले होते. आपल्याच हयगयीला मोजमापाचा पाया करावयाचा, हे गणितास चालेल. नीतीस ते सहज चालू नये.

शिवाय माझी नकाराची कसोटी येथे लंगडी पडते. ज्या स्त्रीला सुई टोचावयाची नाही, गोळी द्यावयाची नाही, तपासणीस बोलवावयाचे नाही, तिने नाही तरी कशाला म्हणावे? गाव कोणत्या भागात जाईल हे चिठ्ठीने ठरले. शून्याला नकार देता येत नाही. तिच्या बाबतीत संमतीची भाषाच अपुरी आहे. येथे ऋणाची भाषा लागते. प्रयोग चालू असताना तिच्याकडून जे घेतले गेले ते रक्त नव्हे, वेळही नव्हे. तिचे नुसते असणे आणि नसणे मोजले गेले. त्या मापावर आज जगभरच्या स्त्रिया वाचत आहेत. कांटने मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये असे सांगितले, हे मी दरवर्षी वर्गात शिकवितो. त्यातील 'केवळ' हा शब्द विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हटकून गाळतात. साधन आपण सर्वच एकमेकांचे होतो. 'केवळ' साधन कोण होतो? ज्याचे काम संपल्यावर ज्याला काय झाले ते सांगण्यास कोणी परत येत नाही, तो.

हे शेवटचे वाक्य माझे नाही असे म्हटले तरी चालेल. ते मला मावशीने सुचविले. त्या दुपारी समितीचा सभासद असल्याच्या थाटात मी तिची उलटतपासणी सुरू केली. "तुला कळले होते का कशावर सह्या केल्यास ते?" ती म्हणाली, "कळलं की. दोन डब्या होत्या. एकीत औषध, एकीत नुसती दिसायला तशीच गोळी. कुठली कुणाला ते डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नव्हतं." चौदा पानांतील सार तिने तीन वाक्यांत सांगितले, माझ्या समितीत ते तितक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. "मग हो का म्हणालीस?" ह्यावर ती माझ्याकडे जरा चमत्कारिक दृष्टीने पाहत राहिली. "अरे, नाही कशी म्हणू? तुझे काका गेले त्या रात्री दोन वाजता ते डॉक्टर आले होते." मला हवे होते ते उत्तर मिळाले, भीड, कृतज्ञता, दडपण. मी ते मनात टिपूनही घेतले. तोच ती पुढे म्हणाली, "आणि मला नाही उपयोगी पडलं तर पुढं कुणाला तरी पडेल. वारीच्या वाटेवर आपण पाण्याचा माठ भरून ठेवतो, तो काय आपल्याला प्यायला?"

येथे मी गप्प बसलो. तिची भीड खरी होती आणि तिचे दानही खरे होते. दोन्ही एकाच सहीत होते, आणि त्यांना वेगळे करण्याचा माझा खटाटोप तिला पटण्यासारखा नव्हता. मी तिला अज्ञ समजून तिच्या वतीने रागावलो होतो. तिचे गाऱ्हाणे निराळेच होते. कागद पिशवीत परत ठेवताना ती म्हणाली, "एवढंच वाटतं, त्याचं पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. वर्षभर दर महिन्याला बोलवत होते. मग एकदम बोलावणं बंद. औषध चांगलं निघालं का रे?"

गावाहून परतल्यावर मी त्या रुग्णालयास पत्र घातले. उत्तर आले, हे मान्य केले पाहिजे, आणि सौजन्याचे आले. सोबत एका परदेशी नियतकालिकात छापलेल्या लेखाची प्रत होती, आठ पाने, इंग्रजीत. ती घेऊन मी संक्रांतीला पुन्हा करकंबला गेलो. ओसरीवर बसून मावशीला ती मराठीत समजावून देण्यास मला अर्धा तास लागला. नवे औषध जुन्याहून सरस ठरले नाही, हा तिचा मथितार्थ. ते ऐकून तिला वाईट वाटेल असे मला वाटले होते. "बरं झालं," ती म्हणाली, "म्हणजे आता ते उगाच कुणाला देणार नाहीत." मग तिळाची वडी माझ्या हातावर ठेवीत तिने विचारले, "आणि माझ्या डबीत काय होतं?"

ते त्या आठ पानांत नव्हते. मी दुसरे पत्र काल टाकले आहे.